खोडायचं ते एका रेघेनं

सरांचा एक नियम होता: चूक खोडायची ती एकाच रेघेनं. उत्तर चुकलं, आकृती वाकडी आली, शब्द भलताच पडला, तरी त्याच्यावरून एक सरळ रेघ ओढायची आणि पुढं जायचं. गिरगोटा करायचा नाही, रबर लावायचं नाही, पान तर फाडायचंच नाही. "चूक वाचता आली पाहिजे," ते म्हणत. "उद्या परत तिथंच आलात तर कळाया नको, की इथून आपण एकदा जाऊन आलोय?"

मी हा नियम पाळला नाही. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि माझी समजूत अशी की हा नियम गणितासाठी आहे, भाषेला तो लागू नाही. त्या समजुतीचं पुढे काय झालं ते सांगते.

पोलीस ॲक्शनला दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती. आमचा भाग हैदराबादेतून सुटून मुंबईच्या राज्याला जोडला गेला होता आणि शाळा एकामागून एक मराठी होत चालल्या होत्या. शाळेवरची पाटी बदलायला एक दिवस पुरतो. फळ्यावरचे शब्द बदलायला किती लागतात ते आम्हा शिकवणाऱ्यांना विचारा. मी औरंगाबादला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. मूळची वैजापूरची, पण निजामाच्या काळात आमच्याकडे वरच्या वर्गांना उर्दू, म्हणून वडिलांनी मला आजोळी नाशिकला ठेवलं. त्यामुळे माझं मराठी अगदी इस्त्रीचं. शाळेत सगळ्यांचे अर्ज मी लिहून देई आणि ज्यांनी स्वतः लिहिले असतील त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका न विचारता दाखवी. अशा बाईला दीडशहाणी म्हणतात, आणि म्हणतही असत.

सर कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. जन्म पाचोडचा, वडील तिथल्याच शाळेत मास्तर, घरात बोली दखनी. पुढचं सगळं शिक्षण हैदराबादला, उर्दूतून. कॉलेजात ते इंग्रजीत शिकवत. मराठी त्यांना येई ते पाचोडच्या बाजारात आणि विहिरीवर उचललेलं. ते फर्डं होतं, पण त्यात त्यांनी कधी गणित केलेलं नव्हतं.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांमधल्या गणित शिक्षकांसाठी कॉलेजात मराठीतून वर्ग भरला. पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला आणि म्हणाले, "ह्याला तीन जिल्हे."

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "औरंगाबाद, बीड, परभणी," आणि सगळे फुटले.

सर गोंधळले नाहीत. खडू हातात धरून स्वतःही हसले आणि मग त्यांनी उलगडून सांगितलं. उर्दू भूमितीत बाजूला ज़िला म्हणतात आणि आपला जिल्हा तो हाच शब्द. अरबीत त्याचा मूळ अर्थ बरगडी. "मुलकाला बी बरगड्या असत्यात, त्रिकोणाला बी," ते म्हणाले. "एक काढा, बघा उभा राहतोय का." टेबलावरचं हजेरीचं रजिस्टर उचलून त्यांनी एक बाजू झाकली. उरलेल्या दोन रेघा खरंच कोसळायला आल्यासारख्या दिसू लागल्या.

मला राहवलं नाही. उठून म्हटलं, "सर, मराठीत बाजू म्हणतात."

"बाजू," त्यांनी शब्द चाखून बघितला. "बाजू म्हंजी फारसीत दंड, बाई. हाताचा दंड. तुम्ही दंड घेतला, आम्ही बरगडी. अंग एकच."

बाजू फारसी आहे हे मला नाशिकमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी पुन्हा उठले नाही.

वर्ग संपल्यावर सरांनी मला शहागंजातल्या घरी बोलावलं. त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला. त्यांना मी पुढे आपा म्हणू लागले. टेबलावर चार जाड वह्या होत्या, पेन्सिलीने लिहिलेल्या. आठवीच्या मुलांसाठी सरांनी मराठीत भूमिती लिहिली होती. नव्या पुस्तकांची निवड करायला एक समिती बसली होती आणि तिने हे पुस्तक घेतलं तर ते आमच्या भागातल्या मराठी शाळांना लागणार होतं. "माझं मराठी बाजारातलं," सर म्हणाले. "गव्हातले खडे निवडत्यात तसं निवडून द्या. तेवढं एक रेघेचं ध्यानात ठेवा."

वह्या घरी नेल्या, वाचल्या आणि मी चक्रावले. असं पाठ्यपुस्तक मी बघितलेलं नव्हतं. कोणीतरी कोणाच्या तरी कानाशी लागून बोलत होतं. वाक्यं लहान, दहा शब्दांच्या आतली, आणि एका वाक्यात एकच गोष्ट. समांतर रेषांची व्याख्या नंतर यायची. आधी यायची ओल्या रानातून गेलेल्या बैलगाडीची चाकोरी. "ह्या दोन रेघा कुठं भेटल्या तर समज, गाडी मोडली." त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात, तर "पाचोडहून पैठणला आडूळवरून जाऊन बघ. आधी पाय सांगतील, मग आपण कागदाला सांगू." उलटं गृहीत धरून सिद्धता करायची त्या जागी लिहिलं होतं, "फर्ज कर, मी खोटं बोलतोय. माझं खोटं किती लांब चालतं ते बघू." "हे उघड आहे", "हे सहज दिसते" असली वाक्यं चारही वह्यांत शोधून सापडली नाहीत. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, उदाहरणं संपली की, एका ओळीवर एकटंच एक वाक्य: "नाय जमलं तर माझ्याकडं बघ."

या वाक्यावर मी मोठ्याने हसले. पुस्तकात कोण कोणाकडे बघणार? दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ते वाक्य आणि वरची तीन मी सगळ्यांना वाचून दाखवली. चांगली करमणूक झाली. पुढचे आठ दिवस कोणाचं काही अडलं की दुसरी म्हणायची, "नाय जमलं तर माझ्याकडं बघ!"

फर्ज या शब्दाने मात्र माझीच फजिती केली. फर्ज म्हणजे कर्तव्य, एवढंच मला ठाऊक. पहिल्या वहीत "फर्ज कर की अबक हा त्रिकोण आहे" असं आलं तेव्हा मी समासात लिहिलं: "त्रिकोण असणे हे कोणाचे कर्तव्य?" सरांनी ते वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आतल्या खोलीत हाक मारून आपांना सांगितलं. त्याही हसल्या. उर्दू गणितात फर्ज करणं म्हणजे धरून चालणं, मानणं.

"मग समजा म्हणू या," मी म्हटलं, जरा फणकाऱ्यानेच.

"समजा?" सर म्हणाले. "अजून काय सांगितलंच नाय आणि समजा? पोरगं म्हणंल, मला तर काय समजलं नाय, आणि ह्यो बाबा पहिल्याच ओळीत समजा म्हणतोय."

समजा या शब्दाकडे मी तोवर अशा नजरेने बघितलं नव्हतं. पण हरायची माझी तयारी नव्हती. "गृहीत धरू," मी म्हटलं.

"त्यात कोणाला काय कळणार?"

"कळायची गरज नाही सर, संज्ञा आहे."

चहा निवत होता, तो सरांनी एका घोटात संपवला.

मग मी विचारलं की पुस्तकात हे तू-तू कोणाशी चाललंय. तेव्हा त्यांनी सांगितलं. पाचोडच्या शाळेत सगळं उर्दूत असे. वर्गात बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, घरात मराठी. उर्दू ज्यांच्या घरची असे वर्गात जवळजवळ सर एकटेच. सतरंजीवर त्यांच्या शेजारी बसायचा तो बैलांचे कासरे वळणाऱ्या घरातला मुलगा. फळ्यापाशी वडील उर्दूत सांगत, आणि सर मान खाली घालून, ओठ न हलवता, तेच मराठीत त्याच्या कानात सांगत. सापडले तर छडी दोघांना. त्यामुळे लांबण लावायची सोय नव्हती. एखादा जड शब्द घातला की शेजारचा "म्हंजी?" विचारणार आणि आवाज होणार. म्हणून हलके शब्द, एका वेळी एक गोष्ट, आणि तीही त्याच्या रानातली, बाजारातली.

"आणि त्यो माझ्याहून हुशार," सर म्हणाले. "मी एक सांगायचो, पुढचं दोन त्योच मला सांगायचा. पण परीक्षा उर्दूत. तिथं शेजारी कोण बसू देतंय? नापास झाला. दोनदा झाला, मंग बापानं कासरे वळाया बसवला. मी हैदराबादला गेलो." वह्यांवर हात ठेवून ते म्हणाले, "ही त्याचीच कुजबुज हाय, बाई. आता शाळा मराठी झाल्यात. तसल्या पोरांच्या हातात एकदा ही पडली पाहिजे."

शिकवण्याबद्दलची त्यांची सगळी मतं याच सतरंजीवरून उठलेली होती. जे कुजबुजून सांगता येत नाही ते सांगणाऱ्यालाच कळलेलं नसतं, असं ते ठामपणे म्हणत. कॉलेजात "कळलं का?" हा प्रश्न ते कधी विचारत नसत, कारण त्यावर हो म्हणायला अक्कल लागत नाही. तास संपायच्या आधी पाच मिनिटं ते थांबत, वर्गाकडे पाठ करून खिडकीशी उभे राहत, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याला आजचा धडा हळू आवाजात सांगायचा. मी एकदा पाहिलंय ते. आधी खाकरणं, हसणं, मग हळूहळू सगळा वर्ग दळण चालू असल्यासारखा घुमायला लागे. "शिकवणं त्या पाच मिनिटांत होतं," ते म्हणत. "माझी चाळीस मिनिटं नुसती फोडणी."

म्हणजे हे पुस्तक कशासाठी आणि कोणासाठी, हे मला पूर्ण ठाऊक होतं. मला कोणी अंधारात ठेवलं नव्हतं. तरीही मी पुढच्या चार महिन्यांत जे केलं ते केलं.

मी चाकोरी काढली. ग्रांथिक भाषेला ती शोभत नव्हती. पैठणचा रस्ता काढला. नांदेडच्या मुलाने आडूळ का शोधावं? खोटं बोलणारा मास्तर तर काढायलाच हवा होता, त्या जागी मी लिहिलं: "विरुद्ध गृहीतकाचा अवलंब केल्यास विसंगती उद्भवते." हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःला शाबासकी दिल्याचं आठवतं. तू चं विद्यार्थ्याने झालं, हे बघ चं निरीक्षण करावे झालं. माझी खोडायची पद्धत नाशिकची. आमच्या शिक्षकांनी शिकवलं होतं की खोडलेलं दिसता कामा नये, तो लिहिणाऱ्याचा गबाळेपणा. लाल शाईचं पेन घ्यायचं आणि शब्द पूर्ण बुजेपर्यंत वेटोळी काढायची. सरांची एक रेघ मला अर्धवट काम वाटे. वर मोकळ्या जागेत मी माझं वाक्य लिहीत असे आणि मग सगळं सुवाच्य अक्षरात कोऱ्या कागदावर उतरून सरांना दाखवी. त्यांनी बघितली ती ही चांगली प्रत. वह्या माझ्याकडेच राहिल्या.

खरं सांगायचं तर आणखीही एक कारण होतं. त्या दिवसांत मराठी पुस्तकात उर्दू शब्द दिसला की लोक पुस्तक मिटून लेखकाचं नाव बघत. मला ती भीती होती आणि सरांना माझ्याहून जास्त होती. त्यांचे दोन भाऊ सरहद्दीपलीकडे निघून गेले होते, हे गेले नव्हते. कोणी विचारलंच तर म्हणत, "पाचोड संगं नेता येत नाय." पण मराठीचा विषय निघाला की लगेच माघार घेत. गणिताच्या एका पायरीसाठी तासभर भांडणारा माणूस भाषेपाशी आला की म्हणे, "मराठी तुमचं, बाई. तुम्ही म्हणताल तसं." ऐकायला मला ते गोड लागायचं. आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

चांगली प्रत वाचून झाल्यावर सर म्हणाले, "छान हाय. शिकल्यासवरल्या माणसाचं वाटतं." मग पानं मागे उलटून विचारलं, "ते शेवटचं वाक्य? माझ्याकडं बघ?"

"सर, पुस्तकात कोण कोणाकडे बघणार?"

"व्हय," ते हसले. "ते बी खरंच."

समितीने पुस्तक घेतलं. अभिप्रायात भाषेचं खास कौतुक होतं, निर्दोष आणि शास्त्रीय म्हणून. सरांनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "हे कौतुक तुमचं." मीही ते घेतलं. पुस्तकावर नाव त्यांचं एकट्याचं होतं. प्रस्तावनेत माझे आभार मानायचे त्यांनी ठरवलं होतं, पण मीच नको म्हटलं. तेवढा विनय माझ्यापाशी होता.

छापील प्रती आल्या तेव्हा पहिली प्रत सरांना पाचोडला त्या सतरंजीवरच्या मित्राला द्यायची होती. बाजाराचा दिवस धरून आम्ही एसटीने गेलो, सर, आपा आणि मी. तो कासरे आणि दावी मांडून बसला होता. अंगाने वाळका, हात मात्र दोरासारखेच पिळदार. सरांना बघून तो उठला नाही, नुसता सरकला आणि शेजारी जागा करून दिली. सर इस्त्रीच्या कपड्यांनिशी त्या पोत्यावर बसले. मराठी वाचायला तो मोठेपणी आपल्या मुलीच्या पाटीवरून शिकला होता. त्याने हात धोतराला पुसले, पुस्तक घेतलं, आणि ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली.

बराच वेळ तो वाचत होता. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने मान न उचलता भाव सांगितला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, निकालाच्या दिवशी बोर्डाकडे बघावं तशी. बोट एका शब्दावर थांबलं, मागे गेलं, परत त्याच शब्दापाशी आलं.

"गृहीतक," तो म्हणाला. "म्हंजी?"

सर वाकले. चाळीस वर्षांची सवय असावी. आजूबाजूला बाजाराचा एवढा गलबला असताना त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओठ न हलवता काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. त्या माणसाचा चेहरा मात्र खुलला.

"आसं व्हय!" तो म्हणाला. "मंग आसंच लिहायचं ना गड्या!"

सर हसले. तो पुढे म्हणाला, आणि त्यात टोमणा अजिबात नव्हता, "लई भारी झालंय पुस्तक. पर शेजारी तू पाहिजेस. नायतर हे बी तुझ्या बापाच्या उर्दूवाणीच की." मग त्याने पुस्तक एका स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि मुलीला देतो म्हणाला, ती आठवीत होती. आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

सरांनी त्या सगळ्या वेळात माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र दुसरं काही बघत नव्हते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तेही दुसऱ्याच्या पुस्तकावर. ज्याच्यासाठी शब्दन्‌शब्द हलका केला होता, त्याच माणसाला मी तो पुन्हा जड करून दिला होता.

परतीच्या एसटीत आपांना डुलकी लागली. आडूळ मागे पडल्यावर सर बोलले, समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत. "पहिल्या परीक्षेला पर्यवेक्षक आमचे वालिदच व्हते, वडील. त्याला पेपरातला एक शब्द अडला. एकच. त्यो माझ्याकडं बघत व्हता. लई येळ बघत व्हता." थोड्या वेळाने म्हणाले, "मी खाली बघितलं."

मला तेव्हा ते प्रकरणाच्या शेवटचं वाक्य आठवलं. मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी पर्स उघडून तिकिटं नीट ठेवली.

पुढे दोन वर्षं पुस्तक चाललं, म्हणजे शाळांनी चालवलं. माझ्या स्वतःच्या वर्गात मुली माझी वाक्यं तोंडपाठ म्हणत: विरुद्ध गृहीतकाचा अवलंब केल्यास विसंगती उद्भवते. म्हणताना त्यांचे डोळे छताला लागलेले असत. सरांनी मला कधी दोष दिला नाही, तेही मला बोचायचं. मग एका पावसाळ्यात पाचोडहून निरोप आला की तो मित्र वारला. सर जाऊन आले. आठवड्याभरातच त्यांनी मला बोलावलं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार होती आणि बदल करायची मुभा मिळाली होती.

"वह्या घेऊन या, बाई," ते म्हणाले. "जुनं परत घालू. लोक काय म्हणायचं ते म्हणू द्या."

मी आनंदाने वह्या घेऊन गेले. चार वर्षं ट्रंकेत होत्या, मीही उघडून बघितल्या नव्हत्या. टेबलावर सरांनी पहिली वही उघडली. पान भरून लाल वेटोळी. त्यांनी पुढचं पान उलटलं, मग पुढचं. वर माझी वाक्यं सुवाच्य, आणि खाली जिथे पेन्सिलीची अक्षरं होती तिथे लाल शाईचे नुसते ठोकळे. काही ठिकाणी निबेने कागद फाटला होता. सरांनी एक पान खिडकीशी नेलं आणि उजेडात धरलं. मग उलटं केलं, पाठीमागून उमटलंय का बघायला. वही मिटून ठेवताना त्यांचा हात हलका होता.

"एक रेघ मारा म्हटलं व्हतं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी रडले. सरांनी रडू दिलं. मग मी म्हटलं, "सर, तुम्ही पुन्हा लिहा. तुमचंच आहे ते."

त्यांनी प्रयत्न केला. माझ्यासमोर केला, कोरा कागद घेऊन. दोन ओळी लिहिल्या, त्यावर एक एक रेघ मारली. पुन्हा लिहिल्या. वाचून बघितल्या तर त्या चांगल्या होत्या, पण माझ्यासारख्या होत्या. "नाय येत," ते म्हणाले. "त्यो शेजारी असला की यायचं. आता सांगायचं कोणाला?"

मला चार वाक्यं आठवत होती. शिक्षकांच्या खोलीत हसण्यासाठी वाचली होती म्हणूनच आठवत होती. ज्यांना मी हसले नाही ती सगळी गेली. मी ती सरांना सांगितली आणि त्यांच्यासमोर लिहून काढली. चाकोरीचं वाक्य ऐकून त्यांचा चेहरा थोडा उजळला. पैठणचंही त्यांनी घेतलं, खोटं बोलणाऱ्या मास्तरचंही. ही तीन दुसऱ्या आवृत्तीत गेली. समितीतल्या कोणी हरकत घेतली नाही. मी चार महिने ज्यांना घाबरले त्यांनी ते पान बहुधा वाचलंही नसेल.

चौथं वाक्य मी पहिल्या प्रकरणाच्या शेवटी, पहिल्यासारखंच एका ओळीवर एकटं लिहिलं. सरांनी ते वाचलं. बराच वेळ बघत राहिले. मग टेबलावरचं माझंच लाल पेन उचललं आणि त्यावर एक रेघ मारली.

"हे त्याला व्हतं," ते म्हणाले.

ते पान मी मागून घेतलं. पुढे तीस वर्षं शिकवलं, गंगापूरला, वैजापूरला आणि शेवटी परत इथे, आणि एकाही मुलीला रबर वापरू दिलं नाही. ते पान अजून माझ्याकडे आहे. लाल शाई उडत चालली आहे. रेघ सरळ आहे, आणि तिच्याखालचं सगळं वाचता येतं: नाय जमलं तर माझ्याकडं बघ.